मंडळी आणि तिची पुढची पिढी



या व्यासपीठावरून साहित्याबद्दल बोलावं अशी अपेक्षा असते. मीही साहित्यापाशीच येणार आहे. पण ज्या ख्रिस्ती मंडळीच्या पोटी हे साहित्य जन्माला आलं, तिचीच बाकं रिकामी होत असताना फक्त पुस्तकांबद्दल बोलणं मला जमणार नाही. आपल्या कितीतरी गावांत रविवारच्या उपासनेला आता पिकल्या केसांचीच माणसं जास्त दिसतात. मुलं संडे स्कूलला येतात, त्यांचं दृढीकरण होतं, मग ती शिकायला पुण्या-मुंबईला जातात आणि त्यानंतर फक्त नाताळात भेटतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. एवढ्या लहान समाजातून एक पिढी निसटली, तर ती भरून काढायला मागे दुसरी गर्दी उभी नाही.

हे दुःख आपल्या एकट्याचं नाही. वेल्समध्ये १९०४-०५ साली मोठं धार्मिक संजीवन झालं. इव्हान रॉबर्ट्स हा कोळशाच्या खाणीत काम केलेला सव्वीस वर्षांचा तरुण त्याच्या अग्रभागी होता. चॅपलं रात्री उशिरापर्यंत भरलेली असत, आणि लाखभर माणसं नव्यानं मंडळीत आल्याचं सांगितलं जातं. त्याच वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ४६.५ टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नाही असं नोंदवलं. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे त्याहून कमी, ४३.६ टक्के निघाले. मधल्या काळात काय झालं? महायुद्धानं तरुण नेले. जे राहिले त्यांना खाणकामगारांच्या संघटनेत आपल्या पोटाच्या प्रश्नांची उत्तरं मिळू लागली. चॅपलची उपासना वेल्शमध्ये चालली होती आणि मुलं इंग्रजीत वाढत होती. आजोबांचं गहिवरणं नातवाला समजत नव्हतं, आणि समजावून सांगण्याची तसदीही फारशी कुणी घेतली नाही.

पण याच वेल्समधून माणसं मिझोरमच्या डोंगरात गेली होती. तिथल्या बायकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक रीत सुरू केली. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढायची. मिझो भाषेत त्याला बुहफाइ थाम म्हणतात. त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांनी आपला खर्च भागवला, पुढे आपले सुवार्तिक बाहेरच्या प्रांतांत पाठवले. मिझोरममध्ये २०११ च्या जनगणनेत शंभरात सत्त्याऐंशी माणसं ख्रिस्ती होती, आणि आईपेक्षा लेक थोर झाली आहे. मला या गोष्टीत आकड्याइतकंच त्या मुठीचं मोल वाटतं. जेवणाऱ्या प्रत्येक घरातल्या लहान मुलालाही दिवसातून दोनदा दिसत होतं की मंडळी आपल्या घासातून चालते.

आता आपल्या घरी येऊ. १८१३ साली अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला सुरू झालं. १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. शाळा, दवाखाने, छापखाने, मुलींची वसतिगृहं: या कामाचे आपण ऋणी आहोत आणि ते ऋण मी मोकळ्या मनानं मान्य करतो. पण अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः इथे आले, तेव्हापासून ते एक गोष्ट आग्रहानं सांगत होते. स्थानिक मंडळीनं आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः उचलावा. तसं झालं नाही. पाळकाचा पगार मिशनचा, मास्तरांचा पगार मिशनचा, राहायला जागा मिशन कंपाउंडमध्ये. १८७६ च्या आणि पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात हजारो माणसं मंडळीत आली. बहुतेक गावकुसाबाहेरची. त्यांना आधार हवा होता आणि तो मिळाला, यात कमीपणा कसला? पण दुष्काळ सरल्यावरही देणारा हात आणि घेणारा हात तेच राहिले. मिशनरी परत गेले तेव्हा आपल्या वाट्याला जबाबदारीपेक्षा मिळकत अधिक ठसठशीतपणे आली. १९७० साली नागपूरला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक झाल्या, तो दिवस खरोखर आनंदाचा होता. त्यानंतर कितीतरी ठिकाणी आपली ताकद जमिनीच्या उताऱ्यांत आणि कोर्टाच्या तारखांत गेली. बापांना देवळाच्या जागेवरून भांडताना ज्या मुलांनी पाहिलं, ती मुलं देवळात का येतील?

आणखी एक जखम आहे, तीही बोललीच पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये ते दार उघडलं, आपल्याला अजून नाही. त्यामुळे कितीतरी घरांत विश्वास एक आणि दाखल्यावरची नोंद दुसरी, अशी दोन आयुष्यं जगावी लागली. अशा घरातलं मूल मंडळीपासून लांब राहिलं तर त्याला अविश्वासू म्हणण्याआधी आपण त्याचा दाखला हातात घेऊन पाहावा.

पण ओहोटीचाच इतिहास सांगून मी थांबणार नाही, कारण आपल्याकडे नवजीवनाचाही इतिहास आहे, आणि तो ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती त्यांनी घडवला. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंच्या मुली प्रार्थनेला बसत. बऱ्याच जणी दुष्काळातून वाचवलेल्या, कित्येक बालविधवा. त्या वर्षी जूनमध्ये तिथे जे संजीवन झालं त्यात मोठ्यानं रडणं होतं, एकाच वेळी शेकडो जणींची प्रार्थना होती. काही मिशनऱ्यांना तो गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अबराम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली, ती चिलीतल्या वालपाराईसोला पोहोचली, आणि १९०९ मध्ये तिथे जी पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी ही केडगावची बातमी होती. विचार करा, दौंड तालुक्यातल्या पोरक्या मुलींच्या प्रार्थनेची धग पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला लागली. आणि रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल सिद्ध केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. वेल्समध्ये जे निसटलं ते रमाबाईंनी जाणलं होतं. भावनेची लाट ओसरल्यावर हातात काहीतरी वाचायला उरलं पाहिजे.

टिळकांच्या घराण्याकडे मी याच नजरेनं पाहतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. टिकली ती त्यांची भजनं. कीर्तनाच्या आणि अभंगाच्या चालीत बसलेली ही गाणी म्हणायला मिशनच्या परवानगीची गरज लागली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी, ज्यांना नवऱ्याचा धर्म स्वीकारायला पाच वर्षं लागली आणि शाळा कधी धड मिळाली नाही, त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं. मुलगा देवदत्त यांनी ‘ज्ञानोदय’ सांभाळलं, नातू अशोक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती तयार केली. प्रत्येक पिढीनं मागचं काम हाती घेतलं आणि त्यात आपला वेगळा घाम घातला.

वसईचा दाखला कॅथलिक बाजूचा आहे, आणि मला तो फार जवळचा वाटतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक धर्मग्रामाच्या भिंतींबाहेर नेलं. हरित वसईसाठी, पाण्यासाठी, विहिरींसाठी ते लोकांबरोबर उभे राहिले, आणि बायबल आजच्या मराठीत आणलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या काळात वसईच्या तरुणाला देऊळ आणि बागायत हे दोन वेगळे विषय वाटले नाहीत.

आज आपली मुलं भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांकडे जातात, इंग्रजी उपासनेला जातात. आपण त्यांना रागावतो. मी सांगतो, रागावू नका, त्यांना विचारा. माझ्याशी बोलणारी तरुण मुलं वारंवार एकच सांगतात: तिथे आम्हाला नावानं ओळखतात, आमच्या परीक्षेसाठी, आमच्या आईच्या आजारासाठी कुणीतरी प्रार्थना करतं, आणि आठवड्याच्या आत कामही देतं. आपण त्यांना वर्षातून एकदा तरुण संघाचं नाटक देतो. पंचांच्या बैठकीत मात्र त्यांच्यासाठी खुर्ची नसते.

म्हणून लेखकांसाठी आणि मंडळ्यांसाठी मी एक ठराव तयार केला आहे. प्रत्येक मंडळीनं आपल्या पंच कमिटीत तिशीच्या आतल्या दोघांना मताच्या अधिकारासह घ्यावं. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची जुनी रजिस्टरं वाळवीच्या तोंडून काढून त्यांच्या हाती द्यावीत. आपल्या आज्यांना पाठ असलेली भजनं, त्यांच्या गावच्या चालींसकट, याच मुलांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत आणि त्या भजनांना आजच्या बोलीतली नवी भजनं जोडावीत. खर्च मिशनकडे किंवा परदेशातल्या कुणाकडे मागायचा नाही, घराघरांतून जमवायचा. उद्या सकाळच्या सत्रात मी हा ठराव सूचक म्हणून मांडेन. अनुमोदन द्यायला मागच्या रांगेत बसलेल्या तरुणांपैकी कुणीतरी पुढे यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.