अविवादाची साधना

(देवालयाच्या वर्धापनदिनी सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



श्रींची महापूजा आटोपते, आरती व मंत्रपुष्प होते आणि शांतिपाठाच्या अखेरीस पुरोहित ‘शांतिः’ हा शब्द तीन वेळा उच्चारतात. आधिदैविक, आधिभौतिक आणि आध्यात्मिक अशा त्रिविध तापांचे शमन व्हावे, हा त्या तिहेरी उच्चारामागील हेतू होय. निसर्गाचा कोप आणि इतर प्राणिमात्रांकडून होणारा उपद्रव हे दोन ताप मनुष्याला तत्काळ उमगतात. तिसरा ताप त्याच्या स्वतःच्या देहातून व मनातून उठतो. परंतु त्याचे गाऱ्हाणे तो बहुधा दुसऱ्याच कुणाच्या नावे घालतो. म्हणूनच तिसरा ‘शांतिः’ मंडपात विरतो न विरतो, तोच पालखीला प्रथम खांदा कुणाचा आणि प्रसाद आधी कुणाच्या हाती, यावरून आवाज चढतात. एकाच मूळ पुरुषाचे वंशज मंडपाच्या दोन बाजूंना पाठ फिरवून बसलेले दिसतात. वाद कधी कोर्टाची पायरी चढतो आणि वादी-प्रतिवादी दिवंगत झाल्यावर त्यांच्या नातवंडांकडे वारसाहक्काने येतो.

देवापुढे जोडलेले हात मंडपाबाहेर पडताच एकमेकांवर का उगारले जावेत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास गोमंतकीय महाजनांना दूर जाण्याचे कारण नाही. ते फोंडा महालातील कवळे गावी सापडते.

कवळ्यास श्रीशांतादुर्गेचे देवालय आहे आणि श्रीगौडपादाचार्य मठही आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील सासष्टीत देवालयांचा विध्वंस झाला, तेव्हा केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला. फोंडा महाल तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. तो १७६३ साली त्यांच्या ताब्यात गेला. कुशस्थळीचा मठही उद्ध्वस्त झाला व पुढे गुरुपीठ कवळ्यास स्थिरावले. शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपले असता मध्ये उभी राहून जिने ते शमविले ती शांतादुर्गा, अशी देवीची कथा आहे. मठ ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते गौडपाद म्हणजे परंपरेनुसार श्रीशंकराचार्यांचे परमगुरू. शंकराचार्यांचे गुरू गोविंद भगवत्पाद हे त्यांचे शिष्य. देवीने जे रणभूमीवर केले, तेच आचार्यांनी विचाराच्या भूमीवर केले. त्यांच्या शिकवणीतील एक शब्द तर महाजनांसाठीच योजिला असावा असे वाटते. तो शब्द ‘अविवाद’.

गौडपादांनी मांडूक्य उपनिषदाच्या आधारे २१५ कारिका रचल्या. हे उपनिषद अवघ्या १२ मंत्रांचे आहे. ओंकारातील अकार, उकार व मकार यांची सांगड ते जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्थांशी घालते व त्यापलीकडील निःशब्दतेला ‘तुरीय’ म्हणजे चौथे म्हणते. विषय गहन वाटला तरी अनुभव रोजचाच आहे. जागेपणी एक गृहस्थ देवस्थानचा अध्यक्ष असतो, दुसरा त्याचा विरोधक. स्वप्नात कदाचित दोघांची पदे उलट होतात. गाढ झोपेत मात्र मुखत्यार मुखत्यार उरत नाही, फिर्यादी फिर्यादी उरत नाही. तेथे ना मान, ना अपमान. सकाळी उठल्यावर दोघेही सारख्याच तृप्तीने म्हणतात की सुखाने झोप लागली. परंतु त्या सुखात जाणीव नसते, म्हणून ते टिकत नाही. तीनही अवस्थांत जे अखंड साक्षी असते, ते जागेपणीच ओळखणे हे उपनिषदाचे सांगणे आणि ध्यान हा त्याचा मार्ग.

हा मार्ग सोपा असल्याचे आचार्य कोठेही भासवीत नाहीत. दर्भाच्या टोकाने एकेक थेंब काढून समुद्र उपसण्यास जेवढी चिकाटी हवी, तेवढी मनाच्या निग्रहास हवी, असा त्यांचा दृष्टांत आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत पास्काल यानेही मानवी दुःखाचे मूळ माणसाला आपल्या खोलीत स्वस्थ बसता न येण्यात पाहिले. त्याने रोग नेमका हेरला. गौडपादांनी पथ्यही सांगितले. ध्यानात चार विघ्ने येतात. पहिले लय, म्हणजे डोळे मिटताच लागणारी पेंग; तेव्हा मनाला जागे करावे. दुसरे विक्षेप, म्हणजे मनाचे भरकटणे. तेव्हा त्याला हळुवारपणे परत आणावे. चौथे रसास्वाद, म्हणजे थोड्याशा शांतीच्या गोडीतच रमून तेथे थांबणे. तेथेही गुंतू नये.

तिसरे विघ्न मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण महाजनांच्या दुःखाचे मर्म त्यातच आहे. त्याचे नाव कषाय. कषाय म्हणजे मनाच्या तळाशी मुरलेला राग-लोभाचा डाग. मन धड झोपलेलेही नसते, भरकटलेलेही नसते. पण खोल कोठेतरी आखडून बसलेले असते. वीस वर्षांपूर्वी भर उत्सवात आपल्या वडिलांना नारळ द्यायचा राहिला, ही आठवण असा डाग होते. आचार्य तो दडपण्यास सांगत नाहीत. तो ओळखण्यास सांगतात. जो स्वस्थ बसून इतके पाहू शकला, की ‘हा क्रोध आता त्या प्रसंगामुळे नाही, मीच तो जपून ठेवला आहे’, त्याची निम्मी साधना झाली. अंधारात पेटते कोलीत गरगर फिरविले की अग्नीचे वर्तुळ दिसते. हात थांबला की वर्तुळ नाहीसे होते आणि एक ठिणगी तेवढी उरते. गौडपादांच्या शेवटच्या प्रकरणाला ‘अलातशांती’ हे नाव या दृष्टांतावरून पडले. मूळ अपमान ठिणगीएवढा असतो. वर्तुळ मन काढते.

मन असे स्थिरावले म्हणजे अविवाद आपोआप येतो. द्वैती आपापल्या सिद्धांताला चिकटून एकमेकांशी भांडतात, परंतु अद्वैताचे त्यांच्यापैकी कुणाशीच भांडण नाही, असे आचार्य म्हणतात. यावर शंकराचार्यांचे भाष्य मनोज्ञ आहे. मनुष्य स्वतःच्या हातापायांशी वैर धरीत नाही, तसेच हे होय. हत्तीवर बसलेल्या पुरुषाला जमिनीवरचा एखादा भ्रमिष्ट आव्हान देतो की मीही हत्तीवर आहे, आण तुझा हत्ती अंगावर. तरी तो पुरुष हत्ती घालीत नाही, कारण त्याच्या मनात विरोधच नसतो. सारस्वत महाजनांत कवळे मठाचे स्मार्त अनुयायी आहेत, तसे पर्तगाळी मठाचे वैष्णवही आहेत. कधी कधी त्यांची एकादशीही निरनिराळ्या दिवशी पडते. वैष्णवाला अद्वैताचा निष्कर्ष मान्य होणार नाही, आणि तो मान्य करविण्याचे कारणही नाही. उपवासाचा दिवस वेगळा असो. पंगतीला बसताना अढी नसावी, एवढेच.

येथे एक शंका रास्त आहे. अविवाद म्हणजे अन्यायापुढे मौन काय? तसे मुळीच नाही. देवस्थानांच्या कारभाराला १९३३ च्या महाजनी नियमावलीची चौकट आहे. हिशेब तपासणे, चूक दाखविणे, आमसभेत विरोधी मत देणे हे महाजनाचे कर्तव्यच आहे. देवाचा पैसा बुडत असता डोळे मिटून बसणे हे ध्यान नव्हे, तो लय होय. फरक इतकाच, की कषाय धुतलेला मनुष्य चुकीवर बोट ठेवतो, माणसावर नाही. आणि निकाल विरुद्ध गेला तरी दुसऱ्या दिवशी त्याच माणसाशेजारी आरतीला उभा राहू शकतो.

एकात्मतेचीही कसोटी येथेच लागते. घट अनेक असले तरी त्यांतील आकाश एकच, हा गौडपादांचा दृष्टांत सर्वांच्या तोंडी असतो. ज्यांचे नाव महाजनांच्या यादीत नाही, पण ज्यांच्या हातांनी समया उजळतात, चौघडा झडतो आणि पालखीची वाट झाडली जाते, त्यांच्या घटातही तेच आकाश आहे. हे ज्याला दिसत नाही, त्याचे अद्वैत व्याख्यानापुरतेच राहिले.

म्हणून एक साधी सूचना महाजनांपुढे ठेवावीशी वाटते. वार्षिक आमसभेला आरंभ होण्यापूर्वी सर्वांनी, कोणत्याही पक्षाचे असोत, श्रींसमोर दहा मिनिटे मौन बसावे. मंत्र ज्याचा त्याचा, संप्रदाय ज्याचा त्याचा. त्या दहा मिनिटांत प्रत्येकाने केवळ आपल्या हातातील कोलीत पाहावे. त्यानंतर कार्यपत्रिकेवरील पहिला विषय घ्यावा. समुद्र एका दिवसात आटणार नाही; पण दर्भाच्या टोकावर एक थेंब तरी येईल.

शिव-विष्णूंचे युद्ध जिने शमविले, ती जगदंबा तिच्या लेकरांतील कलहही शमवो आणि तिसऱ्या ‘शांतिः’चा अर्थ सर्वांच्या अंतःकरणी उतरो, हीच श्रीचरणी प्रार्थना. इत्यलम्.