नाम आणि क्रियापद

श्रोतेहो, आयुष्यभर शाळेंत मराठी व्याकरण शिकवून मी निवृत्त झालों, आणि पुढें एका पोलीस प्रशिक्षण केंद्रांत उमेदवारांना नोंदलेखन शिकविण्याचा योग आला.

पहिल्याच तासाला मीं एक प्रसंग सांगितला. रात्रीं अकरा वाजतां रेल्वेच्या फलाटावर मळक्या कपड्यांतील एक मनुष्य गांठोडें उशाशीं घेऊन निजला आहे. याची नोंद करा. बहुतेकांनीं लिहिलें, ‘एक भिकारी निजलेला आढळला.’ एकट्यानें लिहिलें, ‘एक मनुष्य निजलेला आढळला.’ कारण विचारतां तो खालीं मान घालून म्हणाला, ‘सर, माझे वडील कामाच्या शोधांत शहरांत आले, तेव्हां महिनाभर असेच निजत असत.’ वर्गांत कोणी बोललें नाहीं.

१९५९ सालच्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येंत केवळ हात पसरणें आलें नाहीं. उपजीविकेचें दृश्य साधन नसतां, भिक्षेवर जगत असावा असें वाटण्याजोग्या स्थितींत सार्वजनिक जागीं वावरणें, हेंही आलें. अटक वॉरंटावांचून, आणि समज देऊन सोडलें नाहीं, तर पहिल्याच वेळीं एक ते तीन वर्षांची स्थानबद्धता. शिपायानें लिहिलेलें एक नाम गरिबाचें वर्ष गिळूं शकतें, तें असें! दिल्लीस लागू केलेल्या याच कायद्यांतील भीक मागणें गुन्हा ठरविणारीं कलमें तेथील उच्च न्यायालयानें २०१८ सालीं घटनाबाह्य ठरविलीं.

दुसरा धडा १९५६ सालच्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचा. वेश्या असणें हाच गुन्हा, अशी वर्गाची समजूत होती. वस्तुतः कुंटणखाना चालविणें, दुसरीच्या कमाईवर जगणें, एखादीस या धंद्यांत ओढणें, सार्वजनिक जागीं गिऱ्हाइकास खुणावणें, हे त्यांतले गुन्हे आहेत. छाप्यांत सोडविलेल्या स्त्रीची विचारपूस स्त्री-अधिकाऱ्यानेंच करावी, तशी अधिकारी नसल्यास मान्य कल्याणसंस्थेच्या स्त्री-सदस्यासमक्ष व्हावी, असाही दंडक आहे. सुधारगृहांत धाडलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना २०२० सालीं मुक्त करतांना मुंबई उच्च न्यायालयानें, केवळ वेश्याव्यवसायास गुन्हा ठरविणारें कलम या कायद्यांत नाहीं, असें स्पष्ट केलें.

शेवटच्या तासाला मीं एवढेंच सांगितलें: ‘मुलांनो, गुन्हा क्रियापदांत शोधा, नामांत नव्हे. त्या मनुष्यानें काय केलें तें प्रथम लिहा. कांहींच केलें नसेल, तर कागद कोरा ठेवा.’

आणि श्रोतेहो, फलाटावरून जातांना आपणही मनांत अशा नोंदी करीतच असतों. त्या कोणत्या शब्दानें सुरू होतात, हें एकदां पाहावें.