भिंतीची ओल आणि भाडेकरूचा हक्क

पावसाळा सरत आला की माझ्याकडे भाडेकरार घेऊन येणारी मुलंमुली वाढतात. तक्रार ठरलेली. भिंतीला ओल आली, काळी बुरशी धरली आणि घरमालक म्हणतात, "तुम्हीच खिडक्या लावून घेता, आत कपडे वाळवता. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार."

मालक नेहमी खोटं बोलतात असं नाही. कोंदट खोलीत वाफ साठली की थंड भिंतीवर तिचं पाणी होतं आणि कोपऱ्यात, कपाटामागे बुरशी धरते. पण गच्चीतून किंवा वरच्या बाथरूममधून झिरपणारं पाणी वेगळं. तिथे छतावर डाग पडतो, पसरतो, पोपडे सुटतात. ते काही तुमच्या बिर्याणीच्या वाफेनं होत नाही! तेव्हा ओल कुठून येते ते आधी बघा, मग भांडा.

इंग्लंडमधल्या रॉचडेलला अवाब इशाक नावाचा मुलगा होता. आईवडील सुदानहून आलेले. घरातल्या बुरशीची तक्रार वडिलांनी २०१७ मध्येच केली होती. उत्तर मिळालं, वरून रंग मारा. डिसेंबर २०२० मध्ये अवाब गेला, नुकताच दोन वर्षांचा झाला होता. बुरशीत दीर्घकाळ राहिल्यानं श्वसनाचा गंभीर आजार होऊन तो गेला, असा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. कुटुंबाच्या राहणीबद्दल आम्ही चुकीचं गृहीत धरलं, हे घर देणाऱ्या संस्थेनं नंतर मान्य केलं. 'तुमची राहणीच तशी' हे वाक्य आपल्यालाही नवं नाही. तिथे त्याच्या नावानं कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना तातडीचा धोका २४ तासांत दूर करावा लागतो.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. त्याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं, दुरुस्ती करणं हे मालकाचं काम. लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवस थांबूनही त्यांनी ते केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पण हे कलम 'भाडेकरू'साठी आहे. तुमच्यातल्या बहुतेकांचा करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. तिथे करारात काय लिहिलंय यावरच बरंचसं ठरतं. म्हणून गळती कोण दुरुस्त करणार, ही ओळ सहीच्या आधी घालून घ्या. करार नोंदवायची जबाबदारी कलम ५५ नं मालकावर टाकली आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवला नसेल, तर अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं; ते खोटं ठरवायचं काम मालकाचं.

आता खरी अडचण. नाव ऐकून चार ठिकाणी नकार मिळाल्यावर पाचव्या घरात तोंड उघडायची हिंमत होत नाही. मला ते कळतं. आणि मोहल्ल्यातले आपलेच मालक? "भाईजान, आपसात कागद कशाला?" म्हणत ना करार, ना पावती. मला या गोडव्याची जास्त भीती वाटते.

भांडण नका करू. तारीख दिसेल असा फोटो काढा, दोन ओळींचा अदबीचा मेसेज पाठवा, उत्तर जपून ठेवा. घर ताब्यात घेतानाच एजंटसमोर भिंतींचा व्हिडिओ काढा.

कुणी करार आणला असेल तर पुढे या, आत्ताच वाचू.