पुराचे फूट आणि पुराचे पाणी



सांगलीकरांना पुराची भाषा शिकवायची गरज नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेही कुणी विसरलेलं नाही. पण फूट सांगतात पाणी किती उंच चढलं ते. दर सेकंदाला पुलाखालून पाणी किती गेलं, म्हणजे विसर्ग किती होता, हे त्यातून थेट कळत नाही. आणि धरणाचे दरवाजे किती उचलायचे, खालच्या गावांना केव्हा हलवायचं, हे ठरवायला विसर्गच लागतो.

एरवी विसर्ग काढण्याचं काम तक्त्यावर चालतं. वर्षानुवर्षं पातळी आणि विसर्ग बरोबरीने मोजून वक्र काढलेला असतो. पातळी पाहायची आणि वक्रावरून विसर्ग वाचायचा. शांत नदीला हे पुरतं. चढत्या पुरात मात्र पुढच्या पाण्याला उतार जास्त मिळतो, म्हणून त्याच पातळीला उतरत्या पुरापेक्षा जास्त पाणी वाहतं. आपल्या कृष्णेचं दुखणं याहून मोठं आहे. पुलाच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या दोघी भरून आल्या की कृष्णेचं पाणी तुंबतं, फुगवटा येतो. पातळी चढते आणि वेग उतरतो. ४५ फूट दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळे विसर्ग दाखवू शकतात. अशा नदीत वेग प्रत्यक्ष मोजण्याला पर्याय नाही.

जुनी पद्धत प्रामाणिक आणि कष्टाची होती, आजही आहे. नदीच्या रुंदीचे वीस-पंचवीस पट्टे पाडायचे, होडी प्रत्येक पट्ट्यावर स्थिर धरायची, फिरत्या वाट्यांचा प्रवाहमापक खोलीच्या सहा-दशांशावर सोडायचा आणि फेरे मोजायचे. खोल पाण्यात दोन-दशांश आणि आठ-दशांशावर मोजून सरासरी घ्यायची. मग क्षेत्रफळ गुणिले वेग. याला तास लागतात आणि तेवढ्यात पूरच बदलतो. शिवाय ओंडके वाहत येत असताना होडी एका जागी धरणं जिवावरचं काम. म्हणून वक्राचं वरचं टोक, म्हणजे सगळ्यात मोठ्या पुराचं टोक, पुष्कळदा खालच्या रेषेवरून अंदाजाने वाढवलेलं असतं. ज्या पुरात आकडा सगळ्यात जास्त हवा, त्याच पुरात तो सगळ्यात कच्चा असतो. मला ही गोष्ट फार बोचते.

इथे ध्वनी मदतीला येतो. पाण्यातल्या ध्वनीचा वेग १८२६ मध्ये कोलादाँने जिनिव्हा सरोवरात मोजला. एका नावेवर पाण्याखाली घंटा वाजवायची, त्याच क्षणी दारूचा भडका करायचा, आणि सुमारे १३ किलोमीटरवरच्या दुसऱ्या नावेतून पाण्यात नळा सोडून ऐकायचं. उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. पुढे १८४२ मध्ये डॉप्लरने सांगितलं की ध्वनीचा उगम जवळ येत असेल तर वारंवारता वाढते, लांब जात असेल तर घटते. १८४५ मध्ये बाइज बॅलटने हॉलंडमध्ये आगगाडीवर कर्णेवाले बसवून ते पडताळून पाहिलं.

आजचं ध्वनी-डॉप्लर यंत्र याच दोन गोष्टींवर उभं आहे. ते छोट्या तराफ्याखाली बसतं आणि खाली तिरके, बहुधा चार, ध्वनिझोत सोडतं. पाणी स्वतः हा आवाज परतवत नाही. परतवतात पाण्याबरोबर वाहणारे गाळाचे कण आणि बुडबुडे. झोत १२०० किलोहर्ट्झचा असेल आणि कण झोताच्या दिशेने सेकंदाला १ मीटर सरकत असेल, तर प्रतिध्वनीत सुमारे १६०० हर्ट्झचा फरक पडतो. तेवढ्यावरून वेग निघतो. प्रतिध्वनी किती उशिरा आला यावरून खोली कळते, त्यामुळे तराफा या काठावरून त्या काठाला नेला की एकाच फेरीत थराथराचा वेग आणि तळाची आकृती मिळते. तराफा वाकडातिकडा गेला तरी बिघडत नाही, कारण यंत्र तळाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून स्वतःची चाल ओळखतं आणि ती वजा करतं. एक फेरी काही मिनिटांत होते; जाऊन-येऊन फेऱ्या करून सरासरी घेतात.

यंत्राला काही जागा दिसत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पृष्ठभागालगतचा थर सुटतो, काठाचं उथळ पाणी सुटतं. झोत २० अंशांनी तिरके असतील तर तळाजवळची सुमारे ६ टक्के खोली तळाच्याच प्रतिध्वनीने झाकली जाते. हे भाग गणिताने भरावे लागतात. मोठा धोका वेगळाच आहे. भर पुरात तळाचा गाळच सरकू लागतो. यंत्र तळाला स्थिर मानतं, त्यामुळे त्याला वाटतं आपणच प्रवाहाच्या उलट चाललो आहोत, आणि विसर्ग खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. यावरची तपासणी मला फार आवडते: तराफा पलीकडे नेऊन निघाल्या जागीच परत आणायचा. तळ सरकत असेल तर यंत्राच्या हिशेबात तो वरच्या अंगाला कुठेतरी पोचलेला असतो. त्या खोट्या अंतराला लागलेल्या वेळाने भागलं की तळाचा वेग हाती येतो. उपग्रहांवरून जागा धरली तरी ही चूक टाळता येते.

काठावर पक्कं बसवून आडवा झोत सोडणारी यंत्रंही असतात. ती दिवसरात्र वेग नोंदवतात. मात्र त्यांना पात्राचा एकच थर दिसतो, म्हणून तराफ्याच्या मोजणीशी त्यांचा मेळ पुन्हा पुन्हा घालावा लागतो. फुगवट्याच्या जागी अशी नोंद सोन्याच्या मोलाची आहे.

दर महापुरानंतर महाराष्ट्र आणि कर्नाटकात, कृष्णेवरच्या खालच्या अंगाच्या आलमट्टी धरणावरून वाद पेटतो. त्या धरणाचा फुगवटा कुठवर येतो हे पातळीच्या आकड्यांवरून भांडून ठरणार नाही. सांगली, कुरुंदवाड आणि त्याखाली, एकाच पुराच्या चढतीला, माथ्याला आणि उतरतीला वेग मोजलेला हवा, आणि ती मोजणी दोन्ही राज्यांतल्या लोकांसमोर हवी. नुसता अंतिम आकडा देऊन भागणार नाही, यंत्राची मूळ नोंदही जपायला हवी. मूळ नोंद असेल तर तळ सरकल्याची दुरुस्ती दहा वर्षांनीही करता येते आणि तोच पूर पुन्हा मोजता येतो.