निर्णय कोणी घ्यावा? – वेल्सच्या पाच सार्वमतांचा अनुभव



लोकशाही राष्ट्रात निवडणुका होतात, प्रतिनिधी निवडले जातात, कायदे होतात. परंतु कोणता निर्णय कोणत्या पातळीवर घेतला जावा, हा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. गावाने काय ठरवावे, प्रांताने काय, राष्ट्राने काय आणि अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन काय ठरवावे, याची वाटणी प्रत्येक देशाला करावी लागते. ती एकदा करून भागतही नाही. ब्रिटनच्या पश्चिम भागातील वेल्स या लहानशा राष्ट्राचा अनुभव यादृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९७५ ते २०१६ या एक्केचाळीस वर्षांत वेल्सच्या जनतेने या प्रश्नावर पाच वेळा सार्वमत दिले. दोन वेळा युरोपविषयी आणि तीन वेळा स्वतःच्या विधिमंडळाविषयी. या काळात दोन्ही बाबतींतील तिची उत्तरे पार बदलली. युरोपला दिलेला होकार नकारात बदलला आणि विधिमंडळाला दिलेला नकार होकारात बदलला. असे का घडले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दूरच्या निर्णयांचे अनुभव

वेल्सची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ३१ लाख असून क्षेत्रफळ अहिल्यानगर जिल्ह्याच्या सुमारे सव्वापट आहे. सोळाव्या शतकात, आठव्या हेन्री राजाच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत विलीन झाला. न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत होऊ लागले आणि वेल्श भाषेला राजदरबारी स्थान उरले नाही. स्कॉटलंडने आपली स्वतंत्र न्यायव्यवस्था टिकवली. वेल्सला तेही साधले नाही. तथापि भाषा, प्रार्थनामंदिरे आणि खाणकामगारांच्या वस्त्या यांतून आपण एक वेगळे राष्ट्र आहोत ही जाणीव जिवंत राहिली.

विसाव्या शतकात दोन घटनांनी ही जाणीव तीव्र केली. लिव्हरपूल या इंग्लंडमधील शहराला पाणी हवे होते. त्यासाठी उत्तर वेल्समधील त्रिवेरिन नदीच्या खोऱ्यात धरण बांधण्याचा कायदा १९५७ मध्ये लंडनच्या संसदेने संमत केला. वेल्समधून निवडून आलेल्या जवळजवळ सर्व खासदारांनी विरोध करूनही कायदा झाला. वेल्समधील स्थानिक संस्थांची परवानगी घेण्याची गरजही पडली नाही. कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव, तेथील शाळा, टपाल कचेरी, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमी यांसह १९६५ मध्ये पाण्याखाली गेले. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने त्याबद्दल २००५ मध्ये माफी मागितली.

दुसरी घटना अबरव्हॅनची. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीतील टाकाऊ मालाचा प्रचंड ढिगारा घसरून या गावातील शाळेवर आला आणि ११६ मुले व २८ प्रौढ माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्याच्या धोक्याची सूचना गावाने आधीच दिली होती. चौकशी न्यायाधिकरणाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला जबाबदार धरले. तरीही उरलेले ढिगारे हलविण्याच्या खर्चापोटी आपद्‌ग्रस्तांसाठी जमलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेण्यात आले. ही रक्कम शासनाने १९९७ मध्ये परत केली. आपल्या भवितव्याचे निर्णय दूर कोठेतरी होतात ही भावना अशा अनुभवांतून रुजली.

पहिली दोन उत्तरे

१९६४ मध्ये लंडनच्या मंत्रिमंडळात वेल्ससाठी स्वतंत्र मंत्री नेमण्यात आला. जेम्स ग्रिफिथ्स हे पहिले मंत्री. १९७३ च्या आरंभी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला आणि ५ जून १९७५ रोजी सदस्यत्व टिकवावे काय यावर सार्वमत झाले. वेल्समधील ६४.८ टक्के मतदारांनी होकार दिला.

अवघ्या चार वर्षांनी, १ मार्च १९७९ रोजी, वेल्ससाठी निर्वाचित सभा असावी काय असा प्रश्न विचारला गेला. या वेळी जवळजवळ ८० टक्के मते विरोधात पडली. युरोपशी जोडून घेण्यास तयार असलेली जनता स्वतःची सभा स्वीकारण्यास मात्र तयार नव्हती. याची कारणे वेल्सच्या अंतर्गत रचनेत होती. दक्षिणेतील बहुसंख्य इंग्रजीभाषकांना वेल्शभाषकांचे वर्चस्व वाढेल अशी धास्ती वाटत होती. उत्तर व पश्चिमेकडील वेल्शभाषकांना कार्डिफ या राजधानीचे वर्चस्व नको होते. सत्ताधारी मजूर पक्षातही एकमत नव्हते. पुढे त्या पक्षाचे नेते झालेले नील किनॉक हे स्वतः वेल्सचे खासदार; परंतु विरोधी प्रचारात ते आघाडीवर होते. सत्ता आपल्या दारी येत असली तरी ती शेजाऱ्याच्या हाती जाईल, अशी शंका प्रत्येकाच्या मनात होती.

सहा हजार सातशे एकवीस मतांचा फरक

त्यानंतरच्या अठरा वर्षांत परिस्थिती पालटली. वेल्समध्ये मजूर पक्षाला बहुसंख्य जागा मिळत होत्या, पण लंडनमध्ये सातत्याने हुजूर पक्षाचे शासन होते. १९८४-८५ चा खाणकामगारांचा प्रदीर्घ संप अयशस्वी झाला आणि खाणी एकामागून एक बंद पडल्या. १९८७ ते १९९७ या दशकात वेल्ससाठी नेमलेले चारही मंत्री इंग्लंडमधील मतदारसंघांतून निवडून आलेले होते. आरोग्य, गृहनिर्माण, विकास या क्षेत्रांतील अनेक मंडळांवर नेमणुका वरून होत. त्यांच्या सदस्यांना मतदारांपुढे जावे लागत नसे.

या अनुभवानंतर १८ सप्टेंबर १९९७ रोजी तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. जवळपास निम्म्याच मतदारांनी मतदान केले. सर्वांत शेवटी कारमार्दनशरचा निकाल आला आणि पारडे फिरले. ५०.३ टक्के मते बाजूने, ४९.७ टक्के विरोधात. फरक केवळ ६,७२१ मतांचा. इतक्या निसटत्या बहुमतावर ६० सदस्यांची राष्ट्रीय सभा १९९९ मध्ये अस्तित्वात आली. प्रारंभी तिला संपूर्ण नवे कायदे करण्याचा अधिकार नव्हता.

ही सभा टिकली, ती तिच्या कामामुळे. तिच्या शासनाने एप्रिल २००७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांचे शुल्क रद्द केले. दुकानातील पिशवीमागे पाच पेन्स आकारण्याचा नियम ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम वेल्सने लागू केला. मृत व्यक्तीने हयातीत नकार नोंदविला नसेल तर अवयवदानास तिची संमती गृहीत धरणारा कायदाही डिसेंबर २०१५ मध्ये प्रथम तेथेच अंमलात आला. मार्च २०११ च्या सार्वमतात सभेला कायदे करण्याचे पूर्ण अधिकार द्यावेत असा कौल ६३.५ टक्के मतांनी मिळाला. २०२० पासून सभेला ‘सेनेद’ म्हणजे संसद हे नाव मिळाले आणि २०२१ च्या निवडणुकीत सोळा वर्षांवरील तरुणांनी तिच्यासाठी मतदान केले.

या यशाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. २०११ च्या सार्वमतात सुमारे ३६ टक्केच मतदार आले होते. १९९९ ते २०२१ या काळात सभेच्या एकाही निवडणुकीत निम्म्या मतदारांनी मतदान केले नाही.

निधी मिळाला, नाते जुळले नाही

युरोपच्या बाबतीत नेमका उलटा प्रवास घडला. पश्चिम वेल्स आणि दक्षिणेकडील खाणींची खोरी हा भाग युरोपीय संघातील दरिद्री प्रदेशांमध्ये गणला गेला. दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असल्याने २००० सालापासून त्याला सर्वोच्च दर्जाचे विकास साहाय्य मिळू लागले. रस्ते, रेल्वे, महाविद्यालये, कौशल्य प्रशिक्षण यांवर हा पैसा खर्च झाला.

एबू व्हेल या गावाचे उदाहरण बोलके आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे जनक अनायरिन बेव्हन यांचा हा मतदारसंघ. येथील पोलादाचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला. २००८ मध्ये येथे प्रवासी रेल्वे पुन्हा सुरू झाली, कारखान्याच्या जागेवर शिक्षणसंकुल उभे राहिले, खोऱ्यांच्या माथ्यावरून जाणारा मोठा रस्ता रुंद झाला. या परिसरातील अनेक कामांवर युरोपीय निधीचे फलक होते. परंतु २३ जून २०१६ च्या सार्वमतात ज्या ब्लायनाय ग्वेंट भागात हे गाव येते, तेथील ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. वेल्समधील हे सर्वाधिक प्रमाण होय. संपूर्ण वेल्सचा कौल ५२.५ टक्के मतांनी बाहेर पडण्याचाच लागला. २२ पैकी केवळ पाच भागांनी संघात राहण्याचा कौल दिला. त्यांत राजधानी कार्डिफ होती आणि वेल्शभाषक ग्विनेदही होता. १९७९ मध्ये ज्या दोन टोकांना परस्परांची धास्ती वाटत होती, ती या वेळी एका बाजूला आली.

हा कौल कृतघ्नपणाचा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. स्थलांतराचा प्रश्न, लंडनच्या राज्यकर्त्यांवरील रोष, गेलेल्या रोजगाराची सल अशी अनेक कारणे त्यामागे होती. परंतु एक गोष्ट स्पष्ट दिसते. निधी आला, पण तो कशावर खर्च व्हावा हे ठरविताना खोऱ्यातील सामान्य माणूस कोठे होता? रस्ता झाला, पण त्या रस्त्याने कामावर कोठे जायचे याचे उत्तर त्याला मिळाले नाही. ज्या निर्णयात नागरिकाचा सहभाग नाही, त्या निर्णयाचा लाभ मिळूनही त्याला आपलेपणा वाटत नाही. फलक लावणे म्हणजे माहिती देणे नव्हे, आणि माहिती देणे म्हणजे सहभागी करून घेणे नव्हे.

परत आलेले अधिकार कोणाचे?

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि एक नवाच वाद उभा राहिला. शेती, पर्यावरण, अन्नपदार्थांची मानके हे विषय वेल्सच्या सभेकडे सोपविलेले होते. परंतु त्यांवर युरोपीय नियमांची चौकट होती. ही चौकट गेल्यावर मोकळे झालेले अधिकार कार्डिफला मिळावेत की लंडनला? अंतर्गत बाजारपेठेविषयीच्या २०२० च्या विधेयकाला वेल्सच्या संसदेने संमती नाकारली. तरीही लंडनच्या संसदेने ते मंजूर केले. अशी संमती घेणे हा राजकीय संकेत आहे, न्यायालयातून बजावून घेता येईल असा नियम नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्पष्ट केले होते. भारतात केंद्र आणि राज्ये यांचे विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत वाटून दिले आहेत. वेल्सचे अधिकार लंडनच्या संसदेच्या कायद्यांवर उभे आहेत. हा भेद लक्षात घेतला म्हणजे कार्डिफची अस्वस्थता समजते.

युरोपीय साहाय्याच्या जागी २०२२ मध्ये जो नवा निधी आला, त्याची सूत्रेही लंडननेच आपल्याकडे ठेवली. सत्ता जवळ यावी म्हणून ज्यांनी मत दिले, त्यांच्या खोऱ्यापर्यंत ती आली नाही. ब्रुसेल्सहून निघून ती लंडनला थांबली.

निर्णयाचे अंतर किती गुंतागुंतीचे झाले आहे, हे पोर्ट टॅल्बटच्या पोलाद कारखान्यावरून दिसते. २००७ पासून हा कारखाना टाटा स्टीलकडे आहे. सप्टेंबर २०२४ अखेर तेथील दोन्ही झोतभट्ट्या बंद झाल्या आणि विद्युत भट्टीची योजना पुढे आली. सुमारे दोन हजार नोकऱ्यांचा प्रश्न त्यात गुंतला होता. कंपनीचे मुख्यालय मुंबईत, ५० कोटी पौंडांचे साहाय्य लंडनच्या शासनाचे, आणि कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणाची मोठी जबाबदारी कार्डिफची. वेल्सच्या एका गावाचे भवितव्य तीन शहरांशी बांधले गेले होते. यांपैकी कोणत्याही एकाच शहराला सर्व सत्ता दिल्याने हा प्रश्न सुटला नसता.

पुढील वाट

रोवन विल्यम्स आणि लॉरा मॅकॲलिस्टर यांच्या सह-अध्यक्षतेखालील घटनाविषयक आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये आपला अहवाल दिला. अधिक बळकट प्रांतिक स्वराज्य, संघराज्यात्मक ब्रिटन किंवा पूर्ण स्वातंत्र्य हे तिन्ही मार्ग व्यवहार्य आहेत. प्रत्येकाचे लाभ आणि धोके निराळे आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने वेल्सच्या संसदेची सदस्यसंख्या २०२६ च्या निवडणुकीपासून ६० वरून ९६ करण्यात आली.

यांपैकी कोणता मार्ग स्वीकारायचा, हे वेल्सची जनताच ठरवील. पाच सार्वमतांतून एवढे मात्र निश्चितपणे सांगता येते : संस्था जवळ आहे म्हणून लोक तिला आपली मानतात असे नाही, १९७९ चा निकाल याची साक्ष देतो. संस्था उदारपणे निधी देते म्हणूनही ते तिला आपली मानत नाहीत. हे २०१६ ने दाखविले. जिच्या कामात आपला शब्द पोहोचतो आणि जिला जाब विचारता येतो, अशा संस्थेवर जनतेचा विश्वास हळूहळू बसतो. वेल्समध्ये ६,७२१ मतांवर उभी राहिलेली सभा याच वाटेने स्थिरावली. निम्म्याहून अधिक मतदार जोवर तिच्या निवडणुकीला घराबाहेर पडत नव्हते, तोवर तिचे ते काम अपुरेच होते. आणि सत्तेचे विकेंद्रीकरण करणाऱ्या प्रत्येक शासनाने ही गोष्ट सतत ध्यानी ठेवली पाहिजे.