रेघ कुठे आखायची



आमच्या कोल्हापुरात पेठेच्या संघाला नवा कोच आला, की त्याची पहिली परीक्षा शाहू स्टेडियमवर होत नाही, तालमीच्या कट्ट्यावर होते. कोच अजून गाडीवरून उतरायचा असतो आणि इकडे संघ निवडून झालेला असतो. कुणाला बसवायचं, कुणाला पुढे काढायचं, फोर-फोर-टू की फोर-थ्री-थ्री. हे आकडे आता चहावाल्यालाही पाठ आहेत. देशाच्या संघाला नवा कोच मिळतो, तेव्हा हाच कट्टा देशभर पसरतो, एवढाच फरक.

२०२५ च्या १ ऑगस्टला खालिद जमील यांचं नाव भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून जाहीर झालं. अर्ज आले होते १७० च्या आसपास. शेवटच्या तिघांत पूर्वी दोनदा भारताचा संघ सांभाळलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन होते आणि स्लोव्हाकियाचे स्तेफान तारकोविच. गोव्याच्या सावियो मदेरांनंतर तेरा वर्षांनी हे काम भारतीय माणसाकडे आलं. खालिदांचा जन्म कुवेतचा, पण फुटबॉलमधलं आयुष्य मुंबईचं. महिंद्रकडून खेळले, मग मुंबई एफसीचे कोच म्हणून वर्षानुवर्षं बाजूरेषेवर उभे राहिले. तो संघ आता नाही, महिंद्रचाही नाही. मुंबईच्या फुटबॉलमध्ये माणसं टिकतात, संघ टिकत नाहीत.

नवा कोच डावपेच बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतो? खेळाडूंचे पाय तो बदलू शकत नाही. क्लबच्या कोचला तेच खेळाडू रोज सकाळी मिळतात. देशाच्या कोचला ते मिळतात आठ-दहा दिवस, तेही वर्षातून काही मोजक्या वेळा. त्यातले पहिले दोन दिवस पोहोचण्यात आणि आंबलेले पाय मोकळे करण्यात जातात. सामन्याच्या आदल्या दिवशी हलका सराव. खरं शिकवायला उरतात चार-पाच सकाळी. एवढ्या वेळात नवं व्याकरण शिकवता येत नाही. फार तर दोन-चार वाक्यं पाठ करून घेता येतात.

म्हणून देशाचा कोच सगळ्यांत आधी एक रेघ ठरवतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना आपण त्याला कुठे गाठायचं, त्याच्या गोलसमोर, मैदानाच्या मध्यावर, की आपल्या दारात? बाकीचे आकडे नंतर येतात.

तुम्ही रेडिओ ऐकता आहात, फळा दाखवता येत नाही, तेव्हा आपल्या मातीतल्या दोन खेळांवरून सांगतो. खो-खोत पाठलाग करणारा बसलेला असतो. खो मिळाल्याशिवाय त्याने उठायचं नाही. एक जण जरी घाईने उठला तरी फाऊल, आणि पळणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ. फुटबॉलमध्ये पुढे जाऊन चेंडू हिसकावण्याचा खेळ असाच चालतो. पहिला धावला की दुसऱ्याने त्याच क्षणी धावायचं, तिसऱ्याने त्याची मोकळी जागा भरायची. एकाचा खो चुकला की प्रतिस्पर्ध्याचा एकच पास पाच जणांना ओलांडून जातो. हे अंगात मुरायला महिने लागतात.

कबड्डीत उलटं असतं. चढाई करणारा मधली रेघ ओलांडून आला, की बचाव करणारे साखळी धरून मागे सरकतात. बघणाऱ्याला वाटतं घाबरले. घाबरत नाहीत, त्याला आत ओढतात. तो पुरेसा आत आला, की कोपऱ्यावरचा पायात शिरतो. साखळी धरून एकत्र मागे सरकायला चार-पाच सकाळी पुरतात.

खालिद जमील साखळीवाले कोच आहेत. यात लपवण्यासारखं काही नाही, त्यांनी ते कधी लपवलेलंही नाही. २०१६-१७ ची आय-लीग आठवा. आयझॉलचा संघ आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, नंतर त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. खालिदांनी मुंबईहून आपल्या हाताखालची पोरं नेली. आशुतोष मेहता होता, आपला जयेश राणे होता. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मिझोरामच्या वेगवान पोरांमध्ये ही मंडळी मिसळली आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल यांना मागे टाकून आयझॉलने विजेतेपद नेलं. पुढे नॉर्थईस्ट युनायटेड, मग जमशेदपूर. खर्चिक संघ त्यांच्या वाट्याला क्वचितच आला. ज्याच्या घरात थोडं असतं, तो आधी दाराला कडी लावतो.

त्यांच्या आधीचे कोच मानोलो मार्केझ अगदी दुसऱ्या टोकाचे. स्पॅनिश गृहस्थ, गोलकीपरपासून छोट्या पासांनी खेळ बांधत आणणारे. भारताचा संघ सांभाळताना मोसमभर ते एफसी गोवाचेही कोच होते. गोव्यात त्यांचा खेळ पाहायला मजा येई, कारण तिथे रोजच्या सकाळी होत्या. देशाच्या संघाला त्यांनी आठ सामन्यांत एकच विजय मिळवून दिला, शिलाँगला मालदीवविरुद्ध. आणि गंमत बघा, २०२५ च्या मे महिन्यात सुपर कपच्या अंतिम सामन्यात हेच दोघे समोरासमोर होते, एफसी गोवा आणि जमशेदपूर. मार्केझ ३-० ने जिंकले. तीन महिन्यांनी देशाचा संघ हरणाऱ्याकडे आला, आणि मला तरी तो निर्णय तेव्हा योग्य वाटला. क्लबला शोभणारा कोच आणि दहा दिवसांच्या संघाला शोभणारा कोच, ही दोन वेगळी माणसं असू शकतात.

दहा दिवसांच्या संघाला साखळीच जमते, याचा पुरावा जुनाच आहे. क्रोएशियाचे इगोर स्टिमाच २०१९ मध्ये भारताला पासांचा खेळ शिकवायला आले. त्यांच्या काळातला सगळ्यांत गाजलेला निकाल कोणता? दोहाला कतारशी ०-०. आशियाई विजेत्यांसमोर, सुनील छेत्रीशिवाय, नव्वद मिनिटं साखळी धरून आणि गुरप्रीतसिंग संधूच्या हातांच्या भरवशावर.

आता खालिदांच्या पहिल्या सामन्याकडे येऊ. २९ ऑगस्ट, ताजिकिस्तानातलं हिसोर, मध्य आशियाई संघांची काफा स्पर्धा. मोहन बागानने खेळाडू सोडले नव्हते, छेत्रीला खालिदांनी बोलावलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला उवैसने बाजूरेषेवरून लांब थ्रो टाकला आणि अन्वर अलीने डोक्याने मारला. गोल. तेराव्या मिनिटाला मुंबईच्या राहुल भेकेचा हेडर गोलकीपरने अडवला, सुटलेला चेंडू संदेश झिंगनने आत ढकलला. दोन्ही गोल बचावपटूंचे, आणि सामना संपला २-१. मधे गुरप्रीतने पेनल्टीही अडवली.

थ्रो-इनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याकडे कुणी बघत नाही. चेंडू बाहेर गेला की प्रेक्षक पाण्याची बाटली उघडतात. पण थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. म्हणजे तुमचे उंच खेळाडू थेट गोलकीपरच्या अंगावर जाऊन उभे राहू शकतात. थ्रो पंचवीस-तीस मीटर जात असेल तर तो हाताने घेतलेला कॉर्नरच झाला. आणि तो शिकवायला किती वेळ लागतो? एक सकाळ. कुणी टाकायचा, पहिला कुणी उडायचा, सुटलेल्या चेंडूवर कुणी झडप घालायची. दहा दिवसांच्या कोचला याहून स्वस्त गोल मिळत नाही. नाक मुरडणारे म्हणाले, हा काय फुटबॉल. आमच्या पेठेतला एक जुना बॅक मात्र खूश होता. म्हणाला, आम्ही हेच करायचो, तेव्हा आम्हाला अडाणी म्हणायचे.

त्याच स्पर्धेत इराणला तासभर गोल मिळाला नाही, नंतर तीन मिळाले. झिंगनच्या गालाचं हाड मोडलं. आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत, क्रमवारीत पन्नासहून अधिक पायऱ्या वर असलेल्या ओमानशी १-१ बरोबरी साधून भारताने पेनल्टी शूटआउट जिंकला. कट्ट्यावर पेढे यायचे तेवढे बाकी होते.

साखळीच्या खेळाची खोट ऑक्टोबरमध्ये दिसली. आशियाई चषकाची पात्रता होती, गटात सिंगापूर, हाँगकाँग, बांगलादेश आणि आपण, पुढे जाणार एकच. सिंगापुरात झिंगनला लाल कार्ड मिळालं, दहा जण राहिले, तरी नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. मग १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यात परतीचा सामना. आपल्या छांगतेने चौदाव्या मिनिटाला लांबून सुंदर गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर एक, अठ्ठावन्नाव्या मिनिटाला दुसरा, असे दोन गोल सिंगापूरच्या साँग उई-याँगने परत केले. अर्धा तास हातात, चेंडू आपल्याकडे, मैदान आपलं. आणि करायचं काय ते कुणालाच ठाऊक नाही.

कारण आता चढाई आपल्याला करायची होती. सिंगापूर मागे सरकलं होतं, साखळी त्यांनी धरली होती. थ्रोच्या सरावाच्या सकाळीत हे बसत नाही. पुढच्या महिन्यात ढाक्यात तेच. अकराव्या मिनिटाला गोल खाल्ला, उरलेला जवळजवळ सगळा सामना हातात होता, आणि निकाल ०-१. बांगलादेशकडून बावीस वर्षांनी हार.

याचा दोष एकट्या खालिदांवर टाकणं मला पटत नाही. आपल्या लीगमध्ये मैदानावर चार परदेशी खेळाडू चालतात. क्लब त्यांना कुठे खेळवतात बघा. गोल करणारा नऊ नंबर परदेशी, खेळ चालवणारा मधला परदेशी. भारतीय पोरांना मिळतात बाजूच्या जागा, म्हणून आपल्याकडे विंगर आणि बाजूचे बॅक भरपूर. सतराव्या-अठराव्या वर्षी नऊ नंबर खेळणारा मुलगा क्लबात गेला की दोन वर्षांत विंगर होतो. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला, तेव्हा अख्खं शहर टीव्हीपुढे होतं. तो विश्वचषक खेळलेल्या पोरांपैकी सीनियर संघाचा नऊ नंबर कोण झाला? चाळिशीच्या छेत्रीला निवृत्तीतून परत यावं लागलं, यातच उत्तर आलं. ऑगस्टमध्ये त्याला वगळणाऱ्या खालिदांनीही ऑक्टोबरमध्ये बोलावलं.

नऊ नंबर नसेल तर कोचने काय करावं? याला एक उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९६२, जकार्ता, आशियाई खेळ. कोच हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. याच रहीमसाहेबांच्या संघाने दहा वर्षांपूर्वी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ला होता. जकार्तात बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग डोक्याला टाके पडून बसला. त्याला विश्रांती देणं साधं होतं. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला, आणि भारताने २-१ ने सुवर्णपदक आणलं. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोग होता, वर्ष उलटायच्या आत ते गेले.

ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. रहीमसाहेब १९५० पासून त्या संघाबरोबर होते. जर्नेल किती उंच उडतो, मार खाल्ल्यावर चिडतो की खचतो, हे त्यांना माहीत होतं. बॅकला पुढे काढण्याचा निर्णय घेण्याआधी त्यांच्याकडे बारा वर्षांच्या सकाळी होत्या.

तेव्हा भारताचा पुढचा सामना लागेल, तेव्हा सुरुवातीचे आकडे सोडून द्या. दहाव्या मिनिटाला आपले चार बॅक कुठे उभे आहेत ते बघा, त्यांच्यात आणि मधल्या फळीत किती अंतर आहे ते बघा. थ्रो मिळाला की उवैससारखा कुणी टॉवेलने चेंडू पुसतोय का, आणि झिंगन पुढे निघालाय का, तेही बघा. आणि आपण एका गोलने मागे पडलो तर चेंडू मध्यावर ठेवल्यानंतरची पाच मिनिटं चहाला उठू नका. आमच्या पेठेतला तो जुना बॅक फातोर्ड्याचा सामना संपल्यावरही टीव्हीपुढून उठला नव्हता. खुर्चीत पुढे सरकून, बंद पडद्याकडे बघत, दोन्ही हातांनी अजून थ्रो टाकत होता.