शब्दांमधील मोकळी जागा

कल्याण आणि डोंबिवली हीं दोन निराळीं गांवें. परंतु १९८३ सालीं महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हांपासून ‘कल्याण डोंबिवली’ हें एक जोडनांवही रूढ झालें. बोलणाराच्या मनांत दोन गांवें आहेत कीं एक संस्था, हें ऐकणाराला संदर्भावरून कळतें. संगणकाला मात्र तें सांगावें लागतें.

युनिक्स पद्धतीच्या संगणकांत आपली आज्ञा ऐकणारा जो दुभाषा असतो, त्याला ‘शेल’ म्हणतात. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ सालीं प्रसृत झाला. ब्रायन फॉक्स यांचा ‘बॅश’ १९८९ सालीं आला. नित्याच्या आज्ञा एका फाईलींत ओळीनें लिहून ठेवल्या म्हणजे झाली स्क्रिप्ट. तिच्या नांवापुढें जे शब्द लिहावे, तीं तिचीं आर्ग्युमेंटें. पहिलें हवें असल्यास स्क्रिप्टमध्यें डॉलरचें चिन्ह आणि त्यापुढें १ लिहावा.

समजा, ठाण्याच्या एखाद्या कचेरींत तीन फोल्डर आहेत : ‘कल्याण’, ‘डोंबिवली’ आणि ‘कल्याण डोंबिवली’. पैकीं तिसरा पुसावयाचा आहे. कारकुनानें नांव अवतरणचिन्हांत घालून बिनचूक दिलें. पण स्क्रिप्ट लिहिणारानें आंतला डॉलर-एक उघडाच ठेवला. शेल मोकळ्या जागेवर शब्द तोडतो. परिणामीं पहिले दोन फोल्डर नाहींसे होतात, आणि जो पुसावयाचा तो जागच्या जागीं राहतो! स्क्रिप्टमधील डॉलर-एकलाही दुहेरी अवतरणचिन्हें घातलीं असतीं, तर हा अनर्थ टळला असता.

तथापि तेवढ्यानें भागत नाहीं. ‘स्टीम’ या खेळांच्या कार्यक्रमाच्या स्क्रिप्टमध्यें अवतरणचिन्हें होतीं. पण फोल्डरचा पत्ता न सांपडल्यामुळें त्याची जागा रिकामी राहिली, आणि पुसण्याची आज्ञा संगणकाच्या मुळापासूनच लागू झाली. २०१५ च्या जानेवारींत कांहीं लोकांच्या फाईली अशा रीतीनें गेल्या. शेलच्या आज्ञेनें पुसलेलें कचरापेटींतही सांपडत नाहीं.

म्हणून शहाणी स्क्रिप्ट आधीं आर्ग्युमेंटें किती आलीं तें मोजते, रिकामें असल्यास वापरण्याची रीत सांगून थांबते, आणि त्या नांवाचा फोल्डर खरोखर आहे काय तें पाहते. शेवटीं ‘रीड’ या आज्ञेनें ती संमति विचारते, आणि स्पष्ट ‘होय’ खेरीज प्रत्येक उत्तर, नुसती कळ दाबलेली असली तरी, ‘नाहीं’ असेंच धरते.